कुंभारणीची बंदूक

आमच्या घरात मी एकटाच असा, की ज्याचं बोलणं लोक निम्म्यानं कमी करून घेतात. विहिरीत दहा परस पाणी आहे असं मी म्हटलं तर समोरचा पाच धरतो आणि तेही जाऊन बघून येतो. माझं धाराशिवात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन आलेला शेतकरी तास-दोन तास बाकावर बसून राहतो, त्याला काहीतरी ऐकायला लागतं आणि मी ते पुरवतो. तांब्याच्या तारेचे दोन वेढे जास्त पडले तर मोटारीचं काही बिघडत नाही, तसं गोष्टीचंही बिघडत नाही असं माझं मत आहे. तेव्हा पुढं जे लिहिलंय त्यातून वाचणाऱ्यानं आपल्या हिशेबानं काय ते खुशाल वजा करावं. बंदुकीच्या नळीत जे सापडलं, तेवढं मात्र वजा करू नये.

आई आणि आबा तेरहून ढोकीकडं जाणाऱ्या वाटेला, शेतातच वस्ती करून राहतात. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला गोठा. सगळ्यात जवळचा शेजारी इतका लांब की इथून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचायला आपली भाकरी खाऊन होते आणि त्याची 'ओ' येईस्तोवर हात वाळतो. चाळीस वर्षं त्यांना याची काही अडचण वाटली नव्हती. मग एका लग्नतिथीला, भरदुपारी, पलीकडच्या वस्तीवरची सगळी माणसं लग्नाला गेली आणि परत आली तर दाराचा कोयंडा अंगणात पडलेला. पाटल्या गेल्या, हरभऱ्याची पोती गेली, मिक्सरही गेला. चोरांनी जाताना चहा करून पिला होता आणि भांडं विसळून पालथं घातलं होतं. आईला चोरीपेक्षा त्या विसळलेल्या भांड्याची भीती वाटली. म्हणजे माणसं निवांत होती.

ही बातमी माझ्याकडून पुण्याला धाकट्या भावाकडं गेली. माझ्याकडून गेल्यामुळं कोणी न बघितलेले चोर सात झाले होते, ही चूक मी कबूल करतो. धाकटा कंपनीत आहे, शांत डोक्याचा आहे, पण त्यानं त्याच रात्री निकाल दिला की आई-आबांनी वस्ती मोडायची. म्हसरं विकायची, रान बटईनं लावायचं आणि एकतर पुण्याला यायचं नाहीतर धाराशिवला माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. ते यावेत असं मला वाटत होतं का? वाटत होतं. दोन खोल्यांत आबा दिवसभर काय करतील हा विचार आला की तेवढंच नको वाटत होतं. माणसाला दोन्ही वाटू शकतं.

आबांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हशीला पुण्यात कोण ओळखतंय असं विचारलं. धाकटा हसला नाही. म्हणाला, एवढ्या लांब दोन म्हातारी माणसं, हाताशी काही नाही, मी तिकडं झोपू कसा. हे मात्र आबांना लागलं. हाताशी काही नाही म्हणजे काय. त्यांनी ट्रंकेतून परवाना काढला.

परवाना आजोबांच्या वेळचा. त्यांच्याकडं रानडुकरं हाकलायला ठासणीची बंदूक होती. बंदूक कधीच मोडीत गेली, पण परवाना वारसानं आबांच्या नावावर चढला होता, आणि आबा तो सातबाऱ्याइतक्याच श्रद्धेनं दर खेपेला नवा करून आणत. इतकी वर्षं कागद होता, बंदूक नव्हती. आता धाकट्याशी ठराव झाला. आबांनी बंदूक घ्यायची. बंदुकीनं घर राखलं गेलं तर वस्ती राहील. काही वंगाळ झालं, किंवा बंदूक नुसतीच शोभेची निघाली, तर एक शब्द न बोलता म्हसरं बाजारात. बंदूक कामाची आहे की नाही यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं आलं. माझ्याकडं, म्हणजे ज्याचं कोणी खरं धरत नाही त्याच्याकडं.

कागदपत्रं, शिक्के, हेलपाटे सगळं पार पडल्यावर आम्ही सोलापूरला गेलो. दुकानदारानं काचेवर बनाती कापड अंथरून एकेक नग मांडला. दुनळी होती, सुबक नक्षीची होती, धाकट्याच्या मोटारसायकलीपेक्षा महाग अशीही एक होती. आबांनी प्रत्येकीला म्हैस बघावी तसं मागून-पुढून बघितलं आणि शेवटी कोपऱ्यातल्या एकनळीवर बोट ठेवलं. लाकडी दस्त्याला दोन ठिकाणी रंग उडालेला, नळी मधोमध मोडून काडतूस घालायचं, एका वेळी एकच. दुकानात हिच्यापेक्षा स्वस्त फक्त आमचा चहा होता.

मी दुकानदाराला बाजूला घेऊन विचारलं, एवढ्या स्वस्तातल्या बंदुकीनं घर राखलं जाईल का? तो चाळीस वर्षं बंदुका विकत होता आणि घाईत नव्हता.

"चोराला बंदुकीची किंमत दिसत नाही," तो म्हणाला. "तोंड दिसतं."

त्यानं आबांना एक लांब गज दिला, टोकाला चिंधी बांधायचा. उडवली की नळीतून हा फिरवायचा, आणि उडवायच्या आधी मोडून एकदा आरपार बघायचं, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. आबांनी मान हलवली. बियाणाच्या दुकानातही ते अशीच मान हलवतात आणि घरी येऊन पिशवीवर लिहिलंय त्याच्या उलट पेरतात.

वस्तीवर आल्यावर चाचणी घेतली. बांधावर एक सडका भोपळा ठेवला. आबांनी नेम धरला, आईनं कानात पदराची टोकं घातली, मी म्हशीच्या मागं उभा राहिलो. बार असा झाला की तेरच्या पुरातन टेकाडात दोन हजार वर्षं झोपलेली मडकी आपोआप दोन बोटं वर आली, आणि ढोकीच्या रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरनं टायर फुटला समजून गाडी बाजूला घेतली. आबा तीन पावलं मागं जाऊन शेणाच्या उकिरड्यावर बसले. भोपळा जागेवर होता. शेजारच्या बोरीची एक फांदी मात्र गेली. आबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, चोर काय भोपळ्याएवढा असतो का. मी धाकट्याला कळवलं की बंदूक चालते. ते खोटं नव्हतं.

बार काढल्यावर आबांनी गज फिरवला तो तेवढाच. त्यानंतर बंदूक पडवीत दाराच्या वर दोन खुंट्यांवर आडवी ठेवली, आल्यागेल्याला दिसेल अशी. काडतुसं आतल्या खोलीत, देवाच्या फळीवर, आईच्या जुन्या कुंकवाच्या डब्याशेजारी. साफ करायची कधी असं मी विचारलं तेव्हा आबांनी मला शेतकऱ्याचं शास्त्र सांगितलं. नांगर चालवला की धुवायचा, विळा वापरला की पुसायचा. वापरलीच न्हाय तर मळंल कशी?  मोटारीचंही मी गिऱ्हाइकाला तेच सांगत आलो होतो.

बंदुकीमुळं आबांचं वजन वाढलं. पाव्हणे आता बसताना दाराकडं तोंड करून बसायचे. दोन लग्नघरांनी वरातीत बार काढायला बोलावलं, आबांनी दोन्ही वेळा पान खाऊन नकार दिला. पण एक वेगळीच पीडा सुरू झाली. घरात परवान्याची बंदूक आहे म्हटल्यावर घर सोडून जायची सोय राहिली नाही. मिक्सर चोरीला गेला तर मिक्सर जातो, बंदूक चोरीला गेली तर मालकच आत जातो, असं आबांना कोणीतरी भरवून दिलं होतं. म्हणून एक जण लग्नाला गेला की दुसऱ्यानं बंदुकीजवळ बसायचं. घर राखायला बंदूक आणली आणि ती राखायला माणूस लागला. आई म्हणायची, हिच्यापेक्षा सवत बरी, ती निदान दळण तरी आणती.

चैत्रात ऊन तापायला लागलं, आणि कुंभारीण आली.

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी ओली माती तोंडात आणून भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या फटीत, जिथं भोक सापडंल तिथं घर बांधते. आमच्याकडच्या बायकांचं तिच्याबद्दल एक पक्कं ठरलेलं आहे. कुंभारणीनं घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. गोल मडकं बांधलं तर मुलगी, लांबट बांधलं तर मुलगा. आणि ते घर पोराचा जन्म होईस्तोवर मोडायचं नाही, मोडलं तर आईच्या कुशीला लागतं. यात खरं किती ते मला माहीत नाही. पण आमच्या आजीच्या वेळी एका कुंभारणीनं कंदिलात घर केलं तर घरानं पाच महिने अंधारात जेवण केलं, एवढं मला माहीत आहे.

धाकट्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पाळण्याची गोष्ट आमच्या घरात कोणी काढत नसे, आणि आईच्या डोक्यात दुसरी गोष्ट नसे. त्या चैत्रात आईनं एका दुपारी ज्वारी पाखडता पाखडता बघितलं, की कुंभारीण मातीचा गोळा घेऊन पडवीत येते, दारावर जाते आणि बंदुकीच्या तोंडातून आत शिरते. रिकामी बाहेर येते, पुन्हा गोळा घेऊन आत. आई सूप खाली ठेवून बघत बसली. तीन दिवस माशी माती वाहत होती आणि तीन दिवस आईनं पडवी झाडली नाही, धूळ उडून तिला त्रास नको म्हणून. कोणाला एक शब्द बोलली नाही. बोलावं तर मोडायला सांगतील.

महिन्याभरानं पुण्याहून फोन आला. सूनबाईला दिवस गेले होते.

आता आईच्या बाजूनं विचार करा. नऊ वर्षं डॉक्टर झाले, नवस झाले, आणि शेवटी जे झालं ते कोणी केलं, हे तिला डोळ्यांनी दिसलेलं होतं. तिनं जुन्या लुगड्याची एक लांब पिशवी शिवली आणि बंदुकीला घातली. तोंडाकडची बाजू तेवढी उघडी ठेवली. आबांनी विचारलं, इथनं का उघडी? ती म्हणाली, तुमाला घाईत उडवावी लागली तर पिशवी काढत बसताल का. आबा खूश झाले. बायकोला बंदुकीचं कळायला लागलं म्हणून त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. पुसायचं कामही तिनं स्वतःकडं घेतलं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली, कोयता, कुऱ्हाड, बंदूक सगळ्यांना हळदकुंकू लागलं. बंदुकीच्या तोंडाला आईनं दोन बोटं जास्त लावलं. आबांना वाटलं बंदुकीला लावलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. सोयाबीन काढून मळणीसाठी ढीग लावला होता, वर ताडपत्री. विहिरीतली मोटार बसली म्हणून मी सकाळपासून वस्तीवर होतो. दुपारी जेवून पुन्हा पडवीसमोरच्या विहिरीपाशी आलो तर वाटेनं एक पिकअप आत आली. मागं रिकामी, पुढं दोघं. नंबरच्या पाटीवर चिखल, आणि पंधरा दिवसांत पाऊस नव्हता. उतरून त्यांनी पाणी मागितलं. आईनं तांब्या दिला. एक जण पाणी पिता पिता ढिगाकडं बघत होता. दुसऱ्यानं विचारलं, इथं कोण कोण असता, दोघंच का.

ते चोर होते का? मी आजपर्यंत हे वीस ठिकाणी सांगितलं आहे आणि वीस ठिकाणी ते चोर होते. इथं लिहितोय म्हणून सांगतो, मला माहीत नाही. सोयाबीन बघत फिरणारे व्यापारीही असेच येतात. पण आबा उठले, आत जाऊन देवाच्या फळीवरून काडतूस घेऊन आले, बंदूक खाली घेतली, पिशवी ओढून काढली, नळी मोडली, काडतूस घातलं आणि खटकन मिटली. नेम धरला नाही. नुसती हातात आडवी धरून उभे राहिले. म्हणाले, दोघं न्हाय, तिघं हाव. मी विहिरीपाशी ग्रीस लावलेल्या हातांनी उभा होतो, म्हणजे तिसरा मी असणार.

त्या दोघांनी तांब्या खाली ठेवला, राम राम म्हटलं आणि गाडी मागं घेतली. दुकानदाराचं खरं ठरलं. तोंड दिसलं होतं. माझ्या मनात धाकट्याला काय सांगायचं ते सगळं जुळून आलं होतं, चोर चारवर गेले होते आणि त्यांच्या हातात कोयते आले होते.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आबा आता रंगात आले होते. गाडीची धूळ अजून वाटेवर होती. ते म्हणाले, एक बार काढतो, म्हंजे पंचक्रोशीत कळंल हितं काय हाय ते. दस्ता खांद्याला लावला आणि नळी आभाळाकडं केली.

आई पडवीतून अशी आली, की सत्तरीच्या बाईला तसं येता येत नाही. तिनं नळीच हातात धरली.

"उडवू नका. आत कुंभारणीचं घर हाय."

आबांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, कशात? आई म्हणाली नळीत. कधीपासनं? चैतापासनं. मग तिनं सगळं एका दमात सांगितलं. सूनबाई, लांबट घर, पिशवीचं तोंड, हळदकुंकू. सांगताना नळी सोडली नाही. मी पुढं झालो, आबांच्या हातातून बंदूक घेतली, मोडली, काडतूस काढून खिशात टाकलं आणि मागून डोळा लावून आरपार बघितलं.

पलीकडचा उजेड दिसला नाही.

माझा सगळा जन्म नळ्यांत गेला आहे. पुढचा पाइप तुंबलेला असताना मोटार चालू केली तर काय होतं ते मी पाहिलंय, आणि ते नुसतं पाणी असतं. वीतभर आत माती बसली होती, वाळून दगड झालेली. आबांचा गाल त्या नळीपासून दोन बोटांवर होता. मी तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसलो. 

आबा आत गेले आणि पाणी प्यायले. बाहेर येऊन त्यांनी मला एकच विचारलं.

"धाकट्याला सांगणार हाईस का?"

ठरावाप्रमाणं सांगायला पाहिजे होतं. बंदूक शोभेची निघाली होती, किंबहुना शोभेची वस्तू जिवावर तरी उठली नसती. सांगितलं की महिन्याच्या आत म्हसरं बाजारात, आणि हे दोघं माझ्या दुकानावर खिडकीत बसून रिक्षा मोजणार. मी म्हणालो, आधी ही नळी साफ करू, मग बघू. गज आणला. आई दारात आडवी उभी राहिली. सूनबाईचे दिवस भरल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. मी म्हणालो, आई, माश्या कधीच उडून गेल्या असतील, आत नुसती माती आहे. ती म्हणाली, घर सोडून माणसं गेली म्हणून घर पाडतेत का?

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग बंदुकीकडं, आणि खुंटीवर ठेवून दिली. त्यांनाही नातवंड हवंच होतं. काडतुसं मात्र मी सोबत घेऊन आलो, आणि तेव्हापासून दर शनिवारी दुकान अर्ध्या दिवसावर बंद करून वस्तीवर जायला लागलो. मोटार बघायला म्हणून. आमच्या विहिरीच्या मोटारीएवढी सेवा जिल्ह्यात कुठल्या मोटारीला मिळाली नसेल.

तेवढ्यात निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे ज्याच्याकडं बंदूक नाही त्याला माहीत नसतं. आम्हालाही कागद आला. आईची झोप उडाली. ठाण्यातले लोक शिस्तीचे, ते आल्या आल्या नळी साफ करतील. म्हणून बंदूक जमा करायला आम्ही तिघं गेलो. आबा पुढं, मी मागं, आणि मधे आई, लुगड्याच्या पिशवीतली बंदूक पोटाशी धरून. दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात नेतात तसं दिसत होतं.

तिथले हवालदार वयानं पिकलेले होते. नळी मोडून डोळा लावला, पुन्हा लावला, आणि आबांना म्हणाले की काका, हे काय घातलंय? आई पुढं झाली. तिनं त्यांना सगळं सांगितलं, अगदी कितवा महिना ते. हवालदारांनी पेन खाली ठेवून ऐकलं. ऐकताना एकदाही हसले नाहीत, हे मी मुद्दाम बघत होतो.

"मावशी, हितं जशी आली तशी ठेवायची असती," ते म्हणाले. "साफ करायचं आमच्याकडं न्हाय."

पावतीवर त्यांनी लिहिलं: एकनळी बंदूक, नग एक, नळीत माती, हात लावू नये. ती पावती आईनं देवाच्या फळीवर ठेवली.

खुंट्या रिकाम्या झाल्या. निवडणुकीत कोणाकडंच बंदूक नसते हे चोरांना आपल्यापेक्षा आधी कळतं. आबा म्हणाले, परत आणलेली पिशवी तरी टांगू. रिकामी पिशवी लोंबायला लागली. मग मी दुकानातून इंचाचा लोखंडी पाइप मापानं कापून नेला, आईनं तो पिशवीत घातला आणि आडवा ठेवला. खालून बघितलं तर मलासुद्धा फरक कळेना. उलट पाइपचं तोंड जास्त मोठं दिसत होतं.

पौषात सूनबाई बाळंत झाली. मुलगी झाली. घर तर लांबट होतं, मग मुलगी कशी, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, नळीत गोल कसं बांधणार बिचारी.

त्यानंतर एक निवडणूक गेली की दुसरी लागत राहिली आणि आबांनी बंदूक परत आणायची घाई केली नाही. बंदूक नसल्यामुळं दोघांना एकत्र लग्नाला जाता यायला लागलं होतं. पाइप राखायला कोण लागतंय.

उन्हाळ्यात धाकटा बाळाला घेऊन आठ दिवस वस्तीवर राहिला. जायच्या आदल्या दिवशी पडवीत बसलो होतो. तो दाराच्या वर बघून म्हणाला की बंदूक आहे म्हणून मी तिकडं निवांत झोपतो, पण ही अगदीच स्वस्तातली आहे, आपण एक चांगली दुनळी घेऊ या का? आबांनी माझ्याकडं बघितलं. आई बाळाला तेल लावत होती, तिचा हात थांबला.

मी सांगून टाकलं. शनिवार करून मी थकलो होतो, आणि ठरावात लक्ष ठेवायचं काम माझं होतं. भोपळ्यापासून सुरू केलं. कुंभारीण, पिशवी, पिकअप, आभाळाकडं केलेली नळी, न दिसलेला उजेड, ठाण्यातली पावती, शेवटी पाइप. जन्मात पहिल्यांदा मी एक गोष्ट मापात सांगितली. चोर दोनच ठेवले, आणि ते चोर नसतीलही असं म्हणालो.

धाकटा हवालदारापर्यंत कसाबसा दम धरून होता. पाइपवर आला आणि हसून हसून बाजेवर आडवा झाला. डोळे पुसत म्हणाला, "दादा, तुझं काही खरं नाही." मी म्हणालो, पिशवी काढून बघ. तो म्हणाला, बघतो की, आणि पुन्हा हसायला लागला. उठला नाही. बायकोला हाक मारून म्हणाला, ये, दादाची नवीन ऐक.

दुसऱ्या दिवशी ते गेले. गाडी वाटेच्या वळणाला दिसेनाशी झाल्यावर आबा पडवीत येऊन बसले.

"सांगितलंस की सगळं," ते म्हणाले.

"सांगितलं."

त्यांनी सुपारी कातरली, अर्धी मला दिली. म्हणाले, दुनळी मातुर नको बाबा. भारी वस्तू घेतली की वापरावीशी वाटती.

शनिवार मी अजून करतो. म्हसरं गोठ्यात आहेत. यंदा चैत्रात कुंभारीण पुन्हा पडवीत फिरत होती. पाइपाचं तोंड हुंगून गेली, आत काही गेली नाही. आईनं त्यावरून धाकट्याला काही विचारू नये, एवढं मी तिला बजावून ठेवलं आहे.